रेस खाली आली पाहिजे

जुन्या गाडीत मूळचं काय काय उरलंय याची यादी करायला बसलं की इंजिन सापडतं, चेसिसवरचा नंबर सापडतो, दारांची हँडलं, हेडलाइटच्या रिंगा, नशीब बरं असेल तर डॅशबोर्डवरचे मीटरही सापडतात. स्प्रिंगा सापडत नाहीत. साठ-सत्तर वर्षांत इंजिन कितीदा तरी उतरलेलं असतं आणि पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरपाशी ताणून बसवलेली बोटभर स्प्रिंग प्रत्येक वेळी पक्कडीतून निसटून कुठंतरी उडते. मिस्त्री दुसरी लावतो. कधी स्कूटरच्या स्टँडची, कधी ब्रेकशूची, कधी आणखी कशाची, जी हाताशी असेल ती. गाडी चालू होते, मालक खूश होतो आणि ती परकी स्प्रिंग पुढची वीस वर्षं गाडीतच राहते.

आमच्या घरच्या फियाटमध्ये अशीच एक होती. ही फियाट ११००, म्हणजे १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दिसलेली आणि १९५४ पासून मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार होऊ लागलेली गाडी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभ्या केलेल्या या कंपनीची पुढची पद्मिनी सगळ्यांना आठवते, पण तिच्या आधीची ही गोलमटोल, पुढची दारं उलटी उघडणारी गाडी अख्ख्या महाराष्ट्रात ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली जायची. नावात हेटाळणी नव्हती, लाडच होता. इंजिन १०८९ सीसीचं. हाच आकडा पुढं पद्मिनीपर्यंत टिकला आणि त्यामुळेच आमच्यासारख्यांना आजही पिस्टन रिंगा, गॅस्केट, पाण्याचा पंप या गोष्टी मिळवता येतात. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदलेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. त्यानंतर सुट्या भागांचा तो ओघही आटत चालला आहे. जे मिळतं ते आत्ताच घेऊन ठेवलं पाहिजे.

आमची गाडी आजोबांनी कोल्हापुरात घेतलेली. पत्रा, रंग, क्रोम, सीटची कव्हरं ही कामं पुरी होऊन ती दारात उभी राहिली तेव्हा बघणारे थांबत होते. कोल्हापूर हे दसऱ्याच्या मिरवणुकीत छत्रपती घराण्याची मेबॅक पाहत मोठं झालेलं शहर आहे, जुन्या गाडीकडं कसं बघायचं हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पण बघणं निराळं आणि चालवणं निराळं. आमची आत्या ही गाडी चालवायची. कॉलेजात असताना, साडी नेसून, पन्हाळ्यापर्यंत. आज तिनं ऐंशी ओलांडली आहे. तिला मी ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, गाडी सुरू करून दिली. तिनं चप्पल काढून पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला, दाबला आणि लगेच काढून घेतला.

“अगं, हे असलं नव्हतं. हे केवढं जड आहे! तेव्हा पाय नुसता टेकवला की गाडीला कळायचं.”

मी हे वाक्य वहीत लिहून ठेवलं. गाडीच्या कुठल्याही पुस्तकात न सापडणारं मोजमाप होतं ते, आणि ते सांगू शकणारं माणूस घरात एकच होतं.

आमच्या गाडीत पेडलपासून कार्बोरेटरपर्यंत केबल नाही, दांड्या आहेत. पेडलची दांडी इंजिनाच्या बाजूला येते, तिथं एक आडवा शाफ्ट फिरतो, शाफ्टच्या हातापासून दुसरी दांडी कार्बोरेटरच्या लिव्हरला जाते. प्रत्येक सांध्यावर छोटा बॉल आणि त्यावर बसणारी वाटी. कार्बोरेटरच्या आत एका स्पिंडलवर पितळी चकती बसलेली, ती फिरली की हवेचा रस्ता उघडतो. पाय ती चकती उघडतो. बंद करायचं काम पायाकडं नाही, ते स्प्रिंगकडं आहे. गाडीतले बाकीचे सगळे भाग चालकाच्या म्हणण्याप्रमाणं वागतात. ही एकच वस्तू सतत त्याच्या विरुद्ध ओढत असते आणि तिनं ओढणं सोडलं तर गाडी थांबवणं मुश्कील होतं. आमचे मिस्त्री याला सरळ शब्दांत सांगतात: “ताई, पाय उचलला की रेस खाली आली पाहिजे. बाकी सगळं नंतर.”

मग जड स्प्रिंग असली तर काय बिघडलं, ती तर जास्त जोरात बंद करेल, असं वाटू शकतं. बरंच बिघडतं. स्पिंडल ज्या भोकात फिरतो तिथं ती त्याला चोवीस तास एकाच बाजूला ओढून धरते. कार्बोरेटरचं अंग मऊ मिश्रधातूचं. वर्षानुवर्षं घासून भोक लंबगोल होतं, कडेनं हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, आयडलिंग, म्हणजे पाय न देता इंजिनाचं मंद चालत राहणं, डगमगायला लागतं. मग कुणीतरी आयडलिंगचा स्क्रू आवळतो. गाडी तेवढ्यापुरती बंद पडायची थांबते, पण पेट्रोल जास्त खाते आणि सिग्नलला उभी असताना गुरगुरत राहते. आमच्या कार्बोरेटरचं हेच झालेलं होतं. लेथवर भोक मोठं करून पितळेचा बुश घातला, नवा स्पिंडल बसवला.

दुसरं नुकसान पायाला जाणवतं. फुलपाखरासारखी फिरणारी ही चकती पहिल्या दहा-पंधरा अंशांतच गावातल्या वेगाचं बहुतेक सगळं काम करते, पुढचा प्रवास फक्त चढावर आणि ओव्हरटेक करताना लागतो. म्हणजे पायानं हळुवार वागायची गरज सगळ्यात जास्त सुरुवातीच्या त्या जरा-जराशा हालचालीत असते. तिथंच जर तीन किलोचा जोर लावल्याशिवाय पेडल हलत नसेल, तर ते हलतं तेव्हा एकदम हलतं. गाडी उडी मारते. मागच्या सीटवरच्या माणसाची मान हलते. लोक म्हणतात, जुन्या गाड्या अशाच. अजिबात नाही. जुन्या गाड्या अशा केल्या गेल्या.

म्हणून स्प्रिंगला हात लावण्याआधी सांधे धरले. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते सगळं पाणी इथंच मुरतं. कडक स्प्रिंग ही बरेचदा अडखळणाऱ्या दांड्यांवरचा उपाय म्हणून लावलेली असते: शाफ्टचा बुश सुकला, रेस उतरेना, तेल घालायच्या ऐवजी जास्त ओढणारी स्प्रिंग. आम्ही सगळ्या स्प्रिंगा काढून ठेवल्या, एकेक सांधा सोडवला, गंज आणि जुनं ग्रीस रॉकेलनं धुतलं, वाकलेली दांडी सरळ केली, वाट्यांमध्ये नवीन ग्रीस भरलं. कसोटी साधी आहे. स्प्रिंग नसताना दांडी बोटानं उचलून सोडली की स्वतःच्या वजनानं खाली आली पाहिजे. ती येत नसेल तोवर स्प्रिंगचा विचारच करायचा नाही.

आणखी एक गोष्ट इथंच लक्षात आली. आधीच्या कुणीतरी स्प्रिंगचं दुसरं टोक बॉडीच्या पत्र्याला अडकवलेलं होतं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, क्लच सोडताना ते एका अंगाला झुकतं. स्प्रिंगचं एक टोक इंजिनाबरोबर हललं आणि दुसरं पत्र्याला गच्च राहिलं तर इंजिनाच्या प्रत्येक झोक्याबरोबर ताण बदलतो, लिव्हरही जराशी सरकते. गाडी निघताना जे हिसके बसतात त्यांत चुकीच्या जागी अडकवलेल्या या टोकाचा वाटा मोठा असतो. दोन्ही टोकं इंजिनावरच हवीत. आम्ही कार्बोरेटरच्या फ्लँजच्या स्टडवर बसणारी छोटी पट्टी करून घेतली आणि ते टोक तिथं आणलं.

पट्टीला भोक कुठं पाडायचं याचाही विचार करावा लागतो. लिव्हर फिरते तशी स्प्रिंगच्या ओढीची रेष स्पिंडलच्या मध्याकडं सरकते. रेष मध्याच्या जवळ गेली की स्प्रिंग कितीही ताणलेली असली तरी तिचा उपयोग घटतो, आणि मध्य ओलांडून पलीकडं गेली तर तीच स्प्रिंग थ्रॉटल, म्हणजे ती हवेची चकती, पूर्ण उघडा धरून ठेवते. पेडल तळाला टेकवून, बॉनेट उघडून, हे डोळ्यांनी पाहायचं. कागदावर रेषा मारूनही कळतं, पण डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

आता स्प्रिंग. स्प्रिंगचा ताण लांबीच्या प्रमाणात वाढतो हे रॉबर्ट हूकनं १६७८ साली छापून सांगितलं आणि शाळेत आपण सगळेच ते शिकलो. कामाला येतं ते त्याच्या पुढचं. स्प्रिंग किती ताठ असणार हे तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर ठरतं. वेटोळ्याचा व्यास वाढला तर ताठपणा त्याच्या तिसऱ्या घातानं घटतो, वेढे वाढले तर तेवढ्या पटीत घटतो. ही चौथ्या घाताची गोष्ट बाजारात गेल्यावर अंगावर येते. तार गेजवर मिळते. १९ गेजची तार १.०१६ मिलिमीटर, १८ गेजची १.२१९. हातात घेतल्या तर फरक कळतसुद्धा नाही. पण बाकी सगळं सारखं ठेवून या दोन तारांच्या स्प्रिंगा केल्या तर दुसरी पहिलीच्या दुपटीहून ताठ निघते. दुकानात ‘अशीच दिसणारी’ स्प्रिंग घेऊन फसायला होतं ते यामुळं. आणि स्प्रिंग लांब वाटली म्हणून चार वेढे तोडून नवा आकडा वळवला तर ती ढिली होत नाही, अधिकच कडक होते, कारण वेढे कमी झाले.

आमच्या जुन्या स्प्रिंगला सामान मोजायचा हुकाचा काटा लावला. लिव्हरपाशी सुरुवातीलाच तीन किलो आणि पूर्ण उघडल्यावर पाचाच्या वर. आत्याच्या पायानं जे सांगितलं ते काट्यानं नुसतं आकड्यात मांडलं. मला हवी होती ती बंद असताना पाऊण किलोच्या आत आणि पूर्ण उघडल्यावर दोन किलोच्या आत ओढणारी. उलटा हिशेब केला: २० गेजची तार, वेटोळ्याचा सरासरी व्यास साडेआठ मिलिमीटर, २८ वेढे. म्हणजे प्रत्येक मिलिमीटर ताणाला साधारण चाळीस ग्रॅम.

ऑनलाइन चकचकीत स्टेनलेसच्या स्प्रिंगांचे संच मिळतात. मी ते घेतले नाहीत. त्यांत वाईट काही नाही, पण ज्या गाडीचं एकेक हँडल आपण शोधून आणलं तिच्या पायाखालचं काम अंदाजपंचे उचललेल्या वस्तूवर सोडणं मला पटत नाही. शिवाय उद्यमनगर घरापासून जवळ आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर स्प्रिंग वळून देणारे हात अजून आहेत आणि ते काम समोर उभं राहून बघणं हे सुख आहे.

तिथल्या काकांनी माझा कागद बघितला, तार बोटावर वाकवून सोडून बघितली आणि आधी मँड्रेल बदलला. स्प्रिंगची तार वळून सोडली की थोडी उलगडते, त्यामुळं ज्या दांडीवर वळायची ती हव्या त्या आतल्या व्यासापेक्षा बारीक घ्यावी लागते. किती बारीक, हे ते एक-दोन तुकडे वळून ठरवतात. लेथ अगदी सावकाश चालवायचा, तार लाकडाच्या दोन फळ्यांत घट्ट धरून टूलपोस्टमधून सोडायची, आणि ती जराशी तिरपी ठेवायची म्हणजे प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर रेलून बसतो. हे रेलणं फार महत्त्वाचं. त्यामुळं स्प्रिंगमध्ये मुळातच थोडी ओढ भरली जाते, ती हलायला सुरुवात करण्यापूर्वी काही जोर मागते, आणि चकती बंद असताना ढिली लोंबत नाही.

“मागं सरा ताई,” शेवटचा वेढा आल्यावर काका म्हणाले. तार तोडताना ती फटकन उलटी फिरते, डोळा जाऊ शकतो. मी सरले. मग त्यांनी पक्कडीनं दोन्ही आकडे वळवले, आणि वळवताना कोन काटकोनात मोडू दिला नाही, गोलसर वाकवला. ओढायची स्प्रिंग तुटते ती जवळजवळ नेहमी आकड्याच्या वाकातच. तिथं तीक्ष्ण कोपरा राहिला किंवा पक्कडीच्या दातांचा ओरखडा उठला तर तडा तिथूनच सुरू होतो.

वळलेली स्प्रिंग तशीच लावायची नसते. थंड तार जबरदस्तीनं वाकवलेली असते, तिच्यातला ताण उतरवावा लागतो, नाहीतर ती हळूहळू लांबत जाते. घरच्या ओव्हनमध्ये २३० अंशांना अर्धा तास ठेवली. बाहेर आली तेव्हा तिच्यावर गव्हाळ झाक होती आणि व्यास केसभर कमी झाला होता. या तारेत असं होतंच, काकांनी आधीच सांगितलं होतं आणि मापात तेवढी जागा सोडली होती. झिंकचा मुलामा मी मुद्दाम टाळला. मुलामा देताना हायड्रोजन पोलादात शिरतो आणि लगेच भट्टीत तापवून तो बाहेर काढला नाही तर स्प्रिंग न सांगता तुटते. छोट्या कामासाठी तेवढी काळजी कुणी घेईल याची खात्री देता येत नाही. तेलाचं बोट फिरवलं की पुरे.

एकाच स्प्रिंगवर मी थांबले नाही. अमेरिकेत १९७३ पासून नियम आहे की थ्रॉटल परत आणणाऱ्या शक्तीचे किमान दोन स्वतंत्र स्रोत हवेत, आणि त्यातला एक निकामी झाला तरी पाय उचलल्यावर लहान गाडीचा थ्रॉटल एका सेकंदात जागेवर आला पाहिजे. आमची गाडी त्याच्या कितीतरी आधीची, तिला असा कुठलाही नियम लागू नव्हता. पण घाटात उतरताना नियम कधीचा आहे हे कुणी विचारत नाही. म्हणून दुसरी, आणखी हलकी स्प्रिंग आडव्या शाफ्टवर बसवली. दोन्ही एकाच ठिकाणी लावण्यात अर्थ नव्हता. शाफ्टपासून कार्बोरेटरकडं जाणारी दांडी बॉलवरून निसटली तर शाफ्टवरची स्प्रिंग चकतीपर्यंत पोचतच नाही, तिथं कार्बोरेटरवरचीच कामाला येते. उलट कार्बोरेटरवरची तुटली तर शाफ्टवरची दांडीमार्फत चकती मिटवते. दोघींच्या पाळ्या वेगळ्या.

ही दुसरी स्प्रिंग कारखान्यातून आलेल्या गाडीत नव्हती. जुन्या गाड्यांच्या मंडळींत यावरून वाद होतात. आपल्याकडं जुलै २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. गाडी मूळ स्वरूपात असावी, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नसावा आणि ती रोजच्या वापरात नसावी, अशा तिच्या अटी आहेत. मी या अटींच्या बाजूची आहे. पेडल काढून केबल बसवणारे, १०८९ सीसीच्या जागी जपानी इंजिन घालणारे मला रुचत नाहीत. पण एका माणसाचा जीव वाचवू शकेल असा काही ग्रॅमचा वेटोळा, जो दोन मिनिटांत काढता येतो आणि ज्यासाठी एकही नवं भोक पाडावं लागलं नाही, तो मूळपणाला डाग आहे असं कुणी म्हटलं तर मी त्यांच्याशी वाद घालते. गाडीचा मूळपणा तिच्या चालण्यातही असतो. त्या चालण्याला परीक्षक गुण देत नाहीत, कारण प्रदर्शनात गाडी उभी असते.

सगळं जुळल्यावर मिस्त्रींनी इंजिन गरम होऊ दिलं, लिव्हर बोटानं उघडून सोडली, पुन्हा उघडून सोडली. चकती बसल्याचा बारीकसा ठक्क आवाज प्रत्येक वेळी आला. आयडलिंगचा स्क्रू बराच मागं घेता आला. मग आम्ही पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो, आत्या शेजारी. चढावर पेडल जवळजवळ तळाला होतं आणि पायाला दमणूक नव्हती. उतारावर पाय उचलला तेव्हा इंजिनानं गाडी लगेच धरली, ब्रेकला हात लावावा लागला तो फक्त वळणांवर. जुन्या ड्रम ब्रेकच्या गाडीत हे धरणं किती मोलाचं आहे हे घाट उतरलेल्यालाच कळेल. वाघबीळच्या पुढं सपाट रस्ता लागल्यावर मी गाडी बाजूला घेतली आणि जागा बदलली.

आत्यानं थोडं अंतर चालवली. दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश, समोरून ऊसाचा ट्रॅक्टर आला तेव्हा पाय अर्धा उचलून वाट देत. हिसका एकही नाही. उतरल्यावर म्हणाली, “आता बरोबर आहे. थोडं अजून हलकं असेल तेव्हा, पण तेव्हा मीही वीस वर्षांची होते.”

मिस्त्रींनी तिच्या म्हणण्यावरून मुख्य स्प्रिंगचा आकडा पट्टीवरच्या अलीकडच्या भोकात घातला. ताण जरासा उतरला, आणि रेस तरीही झटकन खाली आली. तिथंच ठेवली आहे.

कुणाकडं त्याच काळातली फियाट असेल तर मुख्य स्प्रिंगची मापं वर दिली आहेतच. शाफ्टवरच्या दुसरीसाठी २२ गेजची तार घ्या आणि बाकी माप जागेप्रमाणं ठेवा. आधी सांधे मोकळे करा, मग स्प्रिंग लावा. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला खेटून लावू नका, साधी पोलादी तार १२० अंशांच्या पुढं आपली ओढ गमवायला लागते. आणि टॅपेट सेट करायला बॉनेट उघडाल तेव्हा दोन्ही आकड्यांच्या वाकात भिंगातून बघा. केसाएवढी रेघ दिसली की त्याच दिवशी स्प्रिंग बदला. तारेचं अख्खं बंडल घेऊन ठेवा, आमच्या डिकीत दोन जादा स्प्रिंगा कागदात गुंडाळून कायम असतात.